चिल्लर नाही जी!

भंडारा जिल्ह्यात पाकीट जगलं की मेलं हे पाहायचं असेल तर बँकेत जाऊ नये, पानठेल्यावर जावं. बँकेत माणूस पैसे असल्याचा आव आणतो, पानठेल्यावर नसल्याचा. आणि माणसाचा खरा आर्थिक स्वभाव दुसऱ्या ठिकाणीच कळतो.

ठेल्यावर हल्ली पहिला प्रश्न ऐकू येतो, "स्कॅनर हाय का जी?" ठेलेवाला मान वर करत नाही. त्याचे दोन्ही हात पन्नीतला खर्रा घोटण्यात गुंतलेले असतात. तो नुसत्या हनुवटीने दाखवतो: तिकडं, गजानन महाराजांच्या फोटोखाली. तिथे काळा-पांढरा चौकोन चिकटवलेला असतो. तसाच चौकोन त्रिमूर्ती चौकातल्या चहाच्या टपरीवर आहे, वरठीच्या स्टेशनाबाहेर ऑटोच्या काचेवर आहे, मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या देवळापुढे नारळाच्या दुकानात आहे. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे घेऊन बसणाऱ्या बाईच्या टोपलीलाही तो सुतळीने बांधलेला असतो.

यावरून शहाण्या लोकांनी निकाल देऊन टाकला आहे की पाकीट संपलं. नागपूरला नोकरी करणारा आणि दिवाळीला गावी येणारा प्रत्येक भाचा ही बातमी नव्याने सांगतो. "मामा, वर्षभरात मी पाकीट खिशात घातलंच नाही." मामा कौतुकाने मान डोलावतात आणि मनात म्हणतात, बाबा रे, होतं तेव्हाही तू ते कधी बाहेर काढल्याचं आम्हाला आठवत नाही.

खरी गोष्ट मामांच्या मनात आहे. पाकिटाचं काम पैसे ठेवणं, हा एक गैरसमज आहे. पैसे काय, कुठेही राहतात. बंडीच्या आतल्या खिशात राहतात, चंचीत सुपारीसोबत राहतात, पदराच्या गाठीत राहतात, तांदळाच्या डब्यात तळाशी राहतात. आणि आपला तर धानाचा जिल्हा. इथे न्हाव्याचा, लोहाराचा वर्षाचा हिशेब धानाच्या मापात मिटायचा. मुरमुरेवाला दारात आला की पोरं ओंजळभर धान देऊन मुरमुरे घ्यायची. त्या काळात पाकीट नव्हतं, तरी कोणाचं काही अडलं नाही. पाकीट आलं ते वेगळ्याच कामासाठी. पैसे न देण्याला सभ्य रूप देण्यासाठी.

पाकीट घरीच राहिलं. पाकीट दुसऱ्या पँटात आहे. पाकिटात पाचशेचीच नोट आहे, आता कुठे मोडता. आणि या सगळ्यांचा मुकुटमणी म्हणजे "चिल्लर नाही जी!" एवढ्या एका वाक्यावर वर्गणीवाली पोरं परत गेली, देवळाची पावतीपुस्तकं परत गेली, चहाचे पैसे शेजारच्याने भरले. कोणी कोणाला नाही म्हटलं नाही, कोणाचा मान गेला नाही. सगळा दोष टांकसाळीच्या माथी.

मोबाईलने पहिला घाव घातला तो इथे. फोनला चिल्लर लागत नाही. तो सतराचे सतरा देतो, एकशे त्रेपन्नचे एकशे त्रेपन्न देतो. गणपतीच्या वर्गणीला येणारी पोट्टी आता पावतीपुस्तकासोबत स्कॅनर घेऊन येतात आणि दारात उभं राहून सांगतात, "काका, कितीबी मारा, चिल्लरची चिंता करू नका." काकांना चिंता चिल्लरची नव्हतीच. पण हे पोरांना सांगता येत नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, ते आठवून पाहू. 2016 साली 8 नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि देशातलं प्रत्येक पाकीट एका रात्रीत हलकं झालं. त्याच वर्षी यूपीआय आलं होतं, वर्ष संपता संपता 30 डिसेंबरला भीम ॲप आलं. मधल्या काळात ठाणे जिल्ह्यातलं मुरबाडजवळचं धसई हे गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं. मग 14 एप्रिल 2017 रोजी आपल्या शेजारी, नागपुरात, पंतप्रधानांच्या हस्ते डिजिटल व्यवहार करणाऱ्यांना बक्षिसं वाटली गेली. त्यात एक कोटीचं पहिलं बक्षीस लातूरच्या एका विद्यार्थिनीला मिळालं. तिने काय केलं होतं? मोबाईलचा 1590 रुपयांचा हप्ता कार्डावरून भरला होता. ठेल्यावर या घटनेचं जे विश्लेषण झालं त्याला तोड नाही: "म्हनजे आधी हप्त्यावर मोबाईल घेनं आला, मंग कोटी." या हिशेबाने जिल्ह्यात किती मोबाईल खपले असतील देव जाणे. कोटीचं पुढे कोणी विचारलं नाही, हप्ते मात्र नियमित आले.

तरी लोक मोबाईलकडे वळले ते बक्षिसाने नाही आणि भाषणाने तर मुळीच नाही. त्यांना वळवलं दहाच्या नाण्याने. हे नाणं चालत नाही, अशी हूल मध्येच कुणीतरी उठवली. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये पत्रक काढून सांगितलं की दहाच्या नाण्याचे चौदा प्रकार आहेत आणि चौदाही चालतात. त्याचा परिणाम उलटाच झाला. आतापर्यंत लोकांना एकाच नाण्याचा संशय होता, आता चौदांचा आला. जो दुकानदार हातावर ठेवलेलं, वाजणारं, सिंहाचं चित्र असलेलं नाणं उलटसुलट करून परत देतो, तोच डोळ्यांना न दिसणारे दहा रुपये फोनवरून बिनतक्रार घेतो. दिसतं त्यावर अविश्वास आणि दिसत नाही त्यावर श्रद्धा, ही आपली परंपराच आहे. मोबाईलने फक्त तिचा फायदा घेतला.

अर्थात श्रद्धा आंधळी राहिली नाही. काही हुशार पोट्ट्यांनी जुन्या व्यवहाराचा फोटो दाखवून समोसे खाल्ले, आणि दुकानादुकानात बोलणारा डबा आला. पैसे जमा झाले की तो ओरडतो. काही डब्यांत तर खुद्द अमिताभ बच्चन बोलतात. ज्या आवाजासाठी एके काळी तिकीट काढून थिएटरात जावं लागायचं, तो आवाज आता दहाचा चहा प्याला तरी ऐकायला मिळतो. हा डबा आमच्या भागात अगदीच नवा म्हणता येणार नाही. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार होते, खडी गंमत रंगते, आणि कोणी बक्षिसी दिली की शाहीर खेळ थांबवून सगळ्या गावाला नाव आणि रक्कम ऐकवतो. फरक एवढाच की डबा नाव घेत नाही. त्यामुळे खडी गंमतीत अजून रोखच चालते. पन्नास रुपये द्यायचे आणि गावाला कळायचंही नाही, असा तोट्याचा व्यवहार करणार कोण?

रकमेची घोषणा मात्र डबा बिनचूक करतो, आणि त्याने भल्याभल्यांची पंचाईत केली आहे. पाहुण्याला घेऊन मिठाईच्या दुकानात जावं, "चांगलं काहीतरी द्या" असं मोठ्याने म्हणावं आणि बाहेर पडता पडता मागून खर्जातला आवाज यावा: चाळीस रुपये. पाकीट असं कधी बोललं नाही. ते जाडजूड दिसायचं. आत लाइट बिलाची पावती, आधारची झेरॉक्स, एलआयसी एजंटचं कार्ड आणि बायकोचा लग्नाआधीचा पासपोर्ट फोटो असायचा, तरी बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं की माणूस वजनदार आहे. मोबाईल सगळ्यांचेच सारखे चपटे.

यापेक्षा मोठा प्रहार झाला तो गुप्ततेवर. डिजिटल व्यवहाराने पारदर्शकता येईल, असं सरकार सांगत होतं. ती आली, पण सगळ्यांत आधी घरात आली. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. घराघरांत खर्ऱ्यावर त्याच्याही आधीपासून आहे, आणि दोन्ही बंद्या सारख्याच निष्ठेने पाळल्या जातात. पूर्वी नवरा ठेल्यावरून येताना बडीशेप खायचा आणि पुरावा नष्ट व्हायचा. आता व्यवहाराची यादी फोनात राहते, तारीखवार, वेळेसकट, आणि बायकोला फोनचा पॅटर्न माहीत असतो. काही चतुर ठेलेवाल्यांनी यावर तोड काढली: खात्याला नाव दिलं 'किराणा व जनरल स्टोअर्स'. महिनाभर सुरळीत गेलं. मग एका घरातून प्रश्न आला, "या आठवड्यात अकरा वेळा किराना आनला म्हनता, मंग घरात मीठ कुठी हाय?"

नावांचंही एक प्रकरण आहे. पैसे पाठवताना पडद्यावर खातेदाराचं बँकेतलं नाव येतं, आणि गावाला आपलीच माणसं नव्याने कळू लागली आहेत. जन्मभर ज्याला सगळे पहेलवान म्हणून हाक मारत आले, त्याचं नाव सुकुमार निघतं. भाजीवाल्या भाऊंच्या स्कॅनरवर त्यांच्या सुनेचं नाव येतं, कारण भाऊंच्या खात्यावर सोसायटीचं कर्ज आहे आणि त्यात पडलेला पैसा सोसायटीकडेच जातो. पंक्चरवाल्याच्या स्कॅनरवर जावयाचं नाव दिसतं, म्हणजे लेकीचं लग्न पार पडलं आणि जावई विश्वासाचा निघाला, एवढं आपल्याला ट्यूब बदलता बदलता कळतं. तलाठ्याच्या सातबाऱ्यात जी माहिती सापडणार नाही ती पाच रुपयांच्या हवेत सापडते.

आता एसटीत चढू. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना पूर्ण माफी. त्यात जानेवारी 2025 मध्ये भाडं वाढलं, तेही 14.95 टक्के. पंधराच का नाही केले, याचा विचार भंडारा-पवनी गाडीत उभ्याने करण्यासारखा आहे. मधले पाच पैसे वाचवून महामंडळाने प्रवाशाला धीर दिला असावा. असल्या आकड्याचं अर्धं करायचं आणि ते गर्दीत चिल्लरमध्ये वसूल करायचं, हे वाहकाच्या नशिबी. म्हणून त्याच्या यंत्रावर आता स्कॅनर आला. "चिल्लर द्या जी, नाहीतर स्कॅन मारा." पण एसटीने मोबाईलच्या कितीतरी आधी स्वतःचं वॉलेट शोधलं होतं, याची इतिहासात नोंद नाही. तिकिटाच्या पाठीमागे पेनाने लिहिलेलं 'बाकी 40' म्हणजे दुसरं काय होतं? त्यात रक्कम सुरक्षित असायची, पिन लागत नसे, रेंज लागत नसे. फक्त उतरण्याच्या आत काढून घ्यावी लागे. मोहाडीला उतरताना विसरलात तर ती तुमसरला पोचायची.

बायकांचा प्रश्न यात निराळा आहे. ऑगस्ट 2024 पासून लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार खात्यात येऊ लागले. खातं बाईचं, आधार बाईचं. पण खात्याला जोडलेला नंबर बहुतेक घरांत नवऱ्याचा, कारण फोन एकच. म्हणजे पैसे बहिणीचे आणि ओटीपी भाऊजींचा. पैसे आल्याचा मेसेज ठेल्यावर वाजतो आणि बहिणीला बातमी संध्याकाळी मिळते, कधी कधी थोड्या कपातीसह. अशा परिस्थितीत पदराच्या गाठीला मागासलेलं तंत्रज्ञान म्हणणाऱ्याने जरा विचार करावा. ती गाठ सोडायला कोणाचा ओटीपी लागत नाही, तिच्यात किती आहेत हे सासूलाही सांगता येत नाही, आणि ती सुटली की बांधणारीला लगेच कळतं.

म्हाताऱ्यांनी मात्र सगळं सोपं करून टाकलं आहे. ज्या आजोबांनी बंडीच्या खिशाला जन्मभर आजींचाही हात लागू दिला नाही, ते आता किराणा दुकानात फोन सरळ मालकाच्या हातात देतात आणि चष्मा घरी राहिल्याने चार माणसांत मोठ्याने सांगतात, "टाक बाबू तूच. पिन एकोनीसशे सत्तेचाळीस." सायबर पोलिसांनी जागृतीचे कितीही फलक लावोत, आजोबांचा हिशेब पक्का आहे: खात्यात दोनशे दहा रुपये आहेत, चोराने तरी न्यावे किती?

राहता राहिली शेती. धान आधारभूत केंद्रावर गेलं की चुकारा थेट खात्यात जमा होतो, अशी व्यवस्था आहे. म्हणजे मोबाईलच्या युगाशी अगदी सुसंगत. फक्त चुकाराच वेळेवर येत नाही. शेतकरी धान मोजून येतो आणि मग महिनोन्महिने फोन बघतो. एका ॲपवर दिवसात पन्नासपेक्षा जास्त वेळा शिल्लक तपासता येणार नाही, असा नियम 1 ऑगस्ट 2025 पासून आला, तेव्हा शहरात लोक हसले: पन्नास वेळा कोण बघतं? चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्याला विचारा. रिकामं पाकीट मात्र कितीदाही उघडून पाहता यायचं, त्यावर कोणाची मर्यादा नव्हती.

रोवणीच्या दिवसांत तर हे शास्त्र बांधीच्या चिखलात रुतून बसतं. गुडघाभर चिखलात परे लावणाऱ्या बायांना दिवस मावळताना मजुरी द्यायची असते. मालकाच्या लेकाने फोन काढला की म्होरकी बाई कमरेवर हात ठेवते. "फोनपे घेऊन मी काय करू गा? मले नगद पायजे, उद्या बाजार हाय." त्यातून बांधी कोक्याच्या जंगलाकडची असेल तर रेंज शोधत पोरगं धुऱ्याधुऱ्याने फिरतं, एका पायावर उभं राहतं, हात आभाळाकडे नेतं. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, पावसासाठी नवस चालला आहे. बटनांच्या फोनवरूनही पैसे पाठवता येतात, त्यासाठी 2022 मध्ये सोयही निघाली. पण बटनाच्या फोनवाल्याला ती सोय आहे हे सांगणारा मेसेज स्मार्टफोनवर येतो.

आणि लग्न? आहेराच्या टेबलाशी वही घेऊन बसलेले काका हे आमच्याकडचं सगळ्यांत जुनं सर्व्हर. कोणी किती दिले, ते त्यांच्या वहीत कायम राहतं आणि देणाऱ्याच्या घरी लग्न निघालं की तेवढंच परत जातं. मध्यंतरी काही उत्साही घरांनी टेबलावर स्कॅनर ठेवून पाहिला. पाहुण्यांनी एकशे एक मारले, काकांनी फोनात नाव पाहिलं आणि तरी विचारलं, "नाव सांगा जी, वहीत लिहून घेतो." फोनातल्या नोंदीवर व्याही विश्वास ठेवत नाहीत. शिवाय पाकिटावर चिकटवलेला तो एक रुपया! शंभर फोनने पाठवता येतात, पण वरचा शुभाचा रुपया बोटाला लागल्याशिवाय शुभ होत नाही.

देशात 2025 च्या ऑगस्टमध्ये यूपीआयवर महिन्याभरात दोन हजार कोटींवर व्यवहार झाले. त्यात आपला चहा, आपली हवा आणि आपला 'किराणा' धरलेला आहे. तेव्हा मोबाईल जिंकला, हे मान्य करायला हवं. पण तो जिंकला पाकिटाला हरवून नाही, त्याचे गुण उचलून. सुरुवातीला फोन फार सरळ होता: मागितले की दिले. असा सरळपणा आपल्या समाजात टिकत नाही. हळूहळू लोकांनी त्याला वळण लावलं. आता चहा संपला की दोघंही घाईने फोन काढतात, दोघंही म्हणतात "थांब, मी मारतो", आणि त्यातला एक पडद्याकडे चिंतेने पाहत राहतो. "गोल फिरूनच राहिलं बाप्पा." दुसऱ्याचे जातात. याचं अजून फिरतंच आहे.

बॅटरी दोन टक्के आहे. नेट संपलं. बँकेचं मेंटेनन्स चालू आहे. लिमिट झाली. पिन पोराने बदलला. अपडेट मागतो. यादी पाकिटाच्या यादीपेक्षा लांब आहे आणि रोज वाढते आहे. शिवाय बहुतेकांच्या फोनच्या पारदर्शक कव्हरमागे एक घडी केलेली पाचशेची नोट, आधारकार्ड आणि देवाचा फोटो दिसतो. म्हणजे पाकीट नाहीसं झालं म्हणतात, ते प्रत्यक्षात मोबाईलच्या पाठीवर बसून फिरतं. आणि ती नोट कधी बाहेर निघत नाही, कारण ती पाचशेची आहे, आणि चहा दहाचा.

दुकानदारांनीही यातून आपला धडा घेतला. 2025 च्या जुलैत बंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्याची बातमी आली, तेव्हा इथल्या कित्येक गल्ल्यांना अचानक नोटांचं प्रेम फुटलं. "स्कॅनर जरा बंद हाय जी, नगद राहीन तं पाहा." ग्राहक म्हणतो नगद नाही, मालक म्हणतो स्कॅनर बंद आहे, दोघंही एकमेकांकडे सहानुभूतीने पाहतात आणि दोघांनाही माहीत असतं की समोरचा खोटं बोलतो आहे.

अशा वेळी काय होतं? एका किराणावाल्याला मी हेच विचारलं. त्याने गल्ल्याखालून लाल वही काढली, तोंडाने पेनाचं टोपण ओढलं आणि ग्राहकाचं नाव न विचारताच त्याच्या पानावर आकडा टाकला. मग म्हणाला, "पाकीट घरी राहो का सर्वर डाऊन राहो जी, उधारीले नेटवर्क फुल राहते."